एका काडीवर सहा चुली

आमच्या चाळीचे मालक बसलेले मी कधी पाहिले नाहीत. खरं सांगते, कधीच नाही. जेवायचे तेसुद्धा उभ्यानं, ताटली डाव्या हातावर घेऊन, आणि दोन घास झाले की पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी. दाढी करायला न्हावी यायचा तर तो बिचारा वस्तरा धरून त्यांच्या मागं मागं. "मालक, जरा थांबा हो, कान कापला जाईल." "कान कापला तर माझा कापेल. तू चाल." असा सगळा प्रकार.

मी लग्न होऊन त्या चाळीत आले तेव्हा मला वाटलं, ह्यांच्या पोटात दुखत असेल. सासूबाईंना हळूच विचारलं. त्या पोळी लाटत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "पोटात काही नाही गं त्यांच्या. डोक्यात दिल्ली आहे."

दिल्ली त्यांनी कधी पाहिली नव्हती हे आधी सांगते, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा. पाहिली होती ती मुंबई. तरुणपणी ते गोदीत, कस्टमच्या कचेरीत कारकून होते. विलायतेच्या बोटीतून पेट्या उतरायच्या, त्यांच्यावर जकात बसायची, पैसा मुंबईत गोळा व्हायचा आणि जायचा दिल्लीला. दिल्ली मग तो कुणाकुणाला वाटायची. हे रोज डोळ्यांसमोर बघून त्यांच्या जिवाला घोर लागला तो कायमचा. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. नोकरी सोडली, नाशिकरोड स्टेशनकडून देवळाली कॅम्पाला जाणाऱ्या रस्त्यालगत जागा घेतली, सात खोल्यांची बैठी कौलारू चाळ बांधली आणि पहिल्या खोलीत स्वतः राहिले. गोदी सुटली, पण डोक्यातून गेली नाही. पडवीत फेऱ्या चालू आणि तोंडानं चालू, "मुंबई इलाखा देतो किती आणि परत येतं किती? अन्याय आहे! धडधडीत अन्याय!"

त्यातून सरकारनं आगपेटीवर कर बसवला. झालं. मिठाचं दुःख होतंच, साखरेचं नुकतंच सुरू झालं होतं, रॉकेलचं जुनं होतं, आता काडीपण दिल्लीची! मालकांनी चाळीत नियमच घातला. आगपेटी एकच, आणि ती मालकांच्या कोटाच्या खिशात. बाकी कुणी विकत आणायची नाही. सकाळी ते एक काडी ओढून आपली चूल पेटवायचे, की मी जायची खापराच्या तुकड्यावर विस्तव आणायला, कारण आमची खोली दुसरी. माझ्याकडून तिसऱ्या खोलीतल्या रहिमतबी न्यायच्या, त्यांच्याकडून चौथीतल्या पोस्टमनची बायको, तिच्याकडून पाचवीतला टांगेवाला, आणि सर्वांत शेवटी सहावीतल्या यमुनाबाई. एका काडीवर सहा चुली. सहावी पेटून धूर वर निघाला की मालक पडवीच्या टोकाला उभे राहून असे बघायचे, जसा काही त्यांनी दिल्लीचा किल्ला सर केला.

आणि एखाद्या दिवशी काडी सादळलेली निघाली, नुसतीच फुर्र करून विझली, की काही विचारू नका. "गेली! फुकट गेली दिल्लीला!" मग तो अख्खा दिवस फेऱ्यांचा वेग वाढलेला. टांगेवाला चोरून स्वतःची आगपेटी बाळगायचा, मागच्या अंगाला जाऊन बिडी पेटवायचा. मालक नाक उचलून ओळखायचे. बिडीच्या वासावरून नव्हे हो, काडीच्या गंधकावरून. "कोण रे तो दिल्लीला खाऊ घालतोय?"

आम्ही हसायचो. पण विस्तवाची ती ये-जा मला आवडायची. कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं. रहिमतबी मुसलमान, मालेगावच्या विणकराची विधवा. आमच्या सासूबाईंचं सोवळं ओवळं कडक, पण विस्तवाला काही विटाळ नसतो असं म्हणून त्या स्वतः माझ्या हातात खापर द्यायच्या.

आता त्या सातव्या खोलीचं सांगते, कारण खरं सांगायचंय ते तिचंच.

सातवी खोली मालकांनी कुणाला भाड्यानं दिली नव्हती. ती सगळ्यांची. आतच मोरी असलेली तेवढी एकच खोली, आणि मागल्या अंगाला खिडकी. चाळीत कुणी बाळंत व्हायचं असलं, कुणाला देवी आल्या, ताप आला, गावाकडून आईबाप आले, तर सातवी खोली. तिथं लागणारा कोळसा, तेल, सुईणीची चोळी, हे सगळं एका डब्यातून व्हायचं. मालकांच्या दाराशेजारी कोनाडा होता, त्यात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, कॅम्पातल्या कुणा साहेबाकडून आलेला. दर रविवारी ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणं त्यात टाकायचं. सुईण म्हणजे आमच्या रहिमतबीच. त्या तर कधी एक ढब्बू पैसा टाकायच्या, कधी नुसताच हात दाखवून "अल्ला देगा" म्हणून पुढं व्हायच्या, आणि वर बाळंतपणाची चोळी त्यांनाच मिळायची. मालक त्यांना कधी चकार शब्द बोलले नाहीत.

त्या डब्याला चाळीत काय म्हणायचे ठाऊक आहे? दिल्ली. "दिल्लीत टाकलंस का गं?" "दिल्ली भरली वाटतं, मालक खुशीत दिसतात." टांगेवाल्यानं नाव पाडलं होतं, आणि मालकांनाही ते चालायचं. गंमत बघा. जो माणूस दिवसभर दिल्लीला शिव्या घालायचा, तोच रविवारी घेई एकाकडून आणि देई दुसऱ्याला. हे आम्हा सगळ्यांना दिसायचं, त्यांना एकट्यांना दिसत नव्हतं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मला जे वाचता येतं ते मालकांच्या फेऱ्यांमुळं. वर्तमानपत्र ते चालता चालता वाचायचे, मोठ्यानं, आणि एक पान संपलं की जिथं असतील तिथं टाकून द्यायचे. बहुतेक वेळा ते आमच्या दाराशी पडायचं. आत्ताच कानानं ऐकलेलं असायचं, आता डोळ्यांनी जुळवायचं. तांदूळ निवडता निवडता मी जुळवत बसायची. त्यामुळं माझे पहिले शब्द म्हणजे कमळ, बदक असले नाहीत. माझे पहिले शब्द जकात, प्रांत, आणि सिंध.

सिंध तेव्हा नुकताच मुंबई इलाख्यातून वेगळा झाला होता आणि दिल्ली त्याला आपल्या पायावर उभं राहायला पैसे देणार होती. सरहद्दीवरच्या प्रांताला देत होतीच. बंगालला तागावरच्या जकातीतला वाटा परत मिळत होता. मालकांच्या पायांना नुसती भिंगरी. "सिंधला द्या! ओरिसाला द्या! बंगालचा ताग लाडका! आणि आमचा कापूस काय सावत्र? भरते मुंबई आणि जेवतात हे!"

एकदा सासूबाई वाळवण राखत पडवीत बसल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना त्या फेऱ्यांनी गरगरायला लागलं असावं. त्या म्हणाल्या, "मालक, मी एक विचारू का? त्या बोटीतल्या पेट्या सगळ्या मुंबईच उघडायची का?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे आमच्या लग्नात माझ्या भावानं विलायती छत्री आणली होती, आमच्या गावच्या पेठेतून. जकात मुंबईला भरली असेल, पण दुकानदारानं ती भावाकडूनच घेतली असेल की. मग भरली कुणी? मुंबईनं, का माझ्या भावानं?"

मालक थांबले. थांबले म्हणजे एक पाय हवेत राहिला. मग सातव्या खोलीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. दिवे लागले तरी चालूच. शेवटी आमच्या दारावरून जाताना म्हणाले, "तुमचा भाऊ मूर्ख आहे. देशी छत्री घ्यायची." आणि गेले. पण त्या रात्री त्यांनी जेवण केलं नाही, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांची चूल पेटलीच नाही.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. आधीचं एक माझं सातव्या महिन्यातच गेलं होतं, त्या जखमेला अजून खपली धरली नव्हती. रहिमतबींनी मला बजावून ठेवलं होतं, "देख बच्चा, आता ये टैम गडबड नाय पाहिजे. शेवटचे दिवस सातव्या खोलीत पडून राहायचं. दार बंद. मीच येणार, मीच जाणार." माहेर म्हणावं तर आई नव्हती. आणि आमच्या खोलीत आम्ही किती जणं! सासूबाई, दोन दीर, एक नणंद, आणि त्यात आमचे हे स्टेशनच्या मालधक्क्यावर हमालीला होते ते वॅगनच्या दारात पाय चेंगरून खाटेवर पडलेले. एकाला कूस बदलायची तर दुसऱ्यानं उठून उभं राहावं लागे. कमाई थांबलेली, त्यामुळं रविवारी डब्यात टाकायलाही काही नव्हतं. मी दिवस मोजत होते ते त्या सातव्या खोलीच्या भरवशावर.

आणि तीच नेमकी गणपतरावांच्या डोळ्यांत भरली.

गणपतराव म्हणजे यमुनाबाईंचे यजमान. लासलगावकडचे, तिकडं कांदा घ्यायचे, रेल्वेनं आणायचे आणि कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या भटारखान्याला पुरवायचे. माणूस वाईट नव्हता. गडगडून हसायचे, पोरांना गोळ्या वाटायचे, डब्यात सगळ्यांत जास्त तेच टाकायचे, आणि टाकताना वाजवून टाकायचे. त्या उन्हाळ्यात कांदा मातीमोल झाला होता. आत्ता घेऊन भरून ठेवला की पावसाळ्यात भाव येणार, हे त्यांना दिसत होतं. ठेवायला कोरडी जागा तेवढी हवी होती.

चैत्रातला एक रविवार. सगळे पडवीत. मालकांच्या फेऱ्या चालू, डबा कोनाड्यात उघडा. गणपतरावांनी नाणी टाकली, पण हात काढला नाही. डब्याच्या कडेवर ठेवला.

"मालक, एक इचारू? तुमचंच बोलणं हाय, म्या नुसतं ध्यानात ठेवलंय. जो लय देतो त्याला त्या मानानं परत मिळालं पायजे. बराबर?"

"बरोबर."

"मुंबई लय देती, तिला मिळत नाय. अन्याय?"

"धडधडीत!"

"मंग ह्या चाळीची मुंबई कोण? म्या. दर आयतवारी सगळ्यांहून जास्त म्या टाकतो. अन् मला काय मिळतं? टांगेवाल्याच्या आईला खोकला झाला, कोळसा माझा. रहिमतबीची चोळी, ती पण माझी. आता ह्यांची सून." माझ्याकडं न बघता हात केला. "ह्यांनी तर किती दिसांत काय टाकलंच नाय. म्या वाईट बोलत नाय, त्यांच्यावर येळ आली हाय. पर न्याय तो न्याय. सातवी खोली मला द्या कांद्याला. निदान पावसाळा सरंस्तोवर."

मी पदर तोंडात धरून दाराआड उभी होते. मला वाटलं, मालक आता उसळतील. ओरडतील. त्यांनी काय केलं? पहिल्या खोलीपासून सातवीपर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. त्यांच्या चपलांचा आवाज मला अजून कानात ऐकू येतो, पट पट पट पट. सगळ्यांच्या माना त्यांच्याबरोबर इकडून तिकडं.

मग आमच्या दारासमोर येऊन त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली.

"मालक!" सासूबाई उठल्याच. "अहो, पोर अवघडलेली आहे. मोरीची खोली तेवढी एकच."

"मला दिसत नाही का?" मालकांचा आवाज चिरका झाला होता. "पण मी इतकी वर्षं काय बोलत आलो? आता ते माझ्याच शब्दानं मागतायत आणि मी नाही म्हणू? मी खोटा ठरेन."

"मग ठरा की खोटे! कुणाचं काय जातंय?"

मालकांनी किल्ली गणपतरावांच्या हातात ठेवली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून चपलांचा आवाज येतच राहिला. खोली लहान, त्यामुळं तीन पावलं आणि वळण, तीन पावलं आणि वळण.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगाला बैलगाडी लागली. खिडकीचं दार काढून टाकलं आणि तिथून गोण्या आत सारल्या, आढ्यापर्यंत. खिडकीवर मग नुसतं गोणपाट लटकवलं, पाणी लागून कांदा सडू नये पण कोंदूही नये म्हणून. अख्ख्या चाळीला कांद्याचा वास. मी आमच्या खोलीत चुलीपाशी कोपऱ्यात एक फाटकी चटई टाकून पाहिली, मापून पाहिली, आणि तोंडावर पदर घेऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "रडू नकोस, पोटातल्याला कळतं."

मालक आले होते म्हणायला, "माझी खोली घ्या." पण तिथं मोरी नाही, देवघर तिथंच. सासूबाईंनी नको म्हटलं. "सुतकासुवेराचं तुम्हाला काय कळणार! देव बाहेर काढून ठेवणार का रस्त्यात?" ते तसेच परत गेले.

त्या दिवसांत मालकांचं काय झालं काय सांगू. पडवी त्यांना पुरेना. टळटळीत उन्हात चालत देवळाली कॅम्पाला जायचे आणि तसेच परत. टांगेवाला म्हणायचा, "मालक, बसा की गाडीत, पैसे नको." तर बसायचे नाहीत. टांग्याच्या बाजूनं चालायचे आणि त्याच्याशीच वाद घालायचे. कॅम्पाच्या बाजारात उभे राहून कोण काय विकतं, कोण काय घेतं ते बघायचे. एकदा संध्याकाळी धुळीनं माखलेले आले ते थेट गणपतरावांच्या दारात.

"गणपतराव! सापडलं! तुम्ही मुंबई नाही. तुम्ही देवळाली आहात!"

"आँ?"

"तुमचा पैसा कुठून येतो? सोल्जरांकडून. सोल्जरांना कोण देतं? दिल्ली. दिल्लीकडे कुठून येतो? रहिमतबीच्या मिठातून, त्या टांगेवाल्याच्या बिडीच्या काडीतून! म्हणजे ह्या चाळीनं दिल्लीला दिलं, दिल्लीनं कॅम्पाला, कॅम्पानं तुम्हाला, आणि त्यातलं चिमूटभर तुम्ही डब्यात टाकता आणि म्हणता मी दिलं! अहो तुम्ही घेणारे आहात, घेणारे!"

आम्ही सगळ्या दारांत आलो. मला तर वाटलं, जिंकले मालक. माझ्या चटईच्या जागी मला सातव्या खोलीची मोरी दिसायला लागली.

गणपतराव शांतपणे पान लावत होते. म्हणाले, "मालक, सोल्जर मला फुकट देतो व्हय? पहाटं उठून लासलगाव गाठतो म्या. लिलावात उभा ऱ्हातो. पाठीवर गोणी घेतो. कांदा देतो तवा पैसा घेतो. ह्ये घेणं झालं का कमावणं?"

मालक हळूच म्हणाले, "हेही खरं."

आणि चालायला लागले. तेव्हापासून त्यांना तो एक नवाच रोग लागला. फेऱ्या मारताना आता "अन्याय आहे" येत नव्हतं. पहिल्या खोलीपाशी काहीतरी पुटपुटायचे, सातव्या खोलीपाशी म्हणायचे, "हेही खरं." वळायचे. पहिल्या खोलीपाशी पुन्हा, "तेही खरं." पोस्टमनची बायको म्हणाली, आता ह्यांना कुठल्या तरी देवाला नेऊन आणा.

वैशाखात एका दुपारी आभाळ काळं झालं. वळीव येणार असं दिसत होतं, वारा सुटला होता, रस्त्यावरची धूळ घरात. गणपतराव लासलगावला गेलेले. मी पापड उचलायला वाकले आणि मला कळलं. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण मला कळलं. सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि ओरडल्या, "रहिमतबी!"

रहिमतबी धावत आल्या. आमच्या खोलीत डोकावल्या. खाटेवर हे, कोपऱ्यात पोरं, चुलीचा धूर वाऱ्यानं माघारी फिरून आत कोंडलेला. त्यांनी कपाळाला हात लावला. "इथं? इथं कैसा करू मी? मागच्यासारखं करायचंय का?"

मागच्यासारखं. तो शब्द ऐकून मी दाराची चौकट घट्ट धरली, ती वेणांनी नव्हे.

तेवढ्यात सहाव्या खोलीतून यमुनाबाई बाहेर आल्या. बाई अगदी अबोल. नवऱ्यासमोर तर नाहीच, आमच्यातसुद्धा जास्त बोलत नसत. कमरेची किल्ली काढली आणि सातव्या खोलीचं कुलूप उघडलं. कांद्याच्या गोण्या दारापर्यंत आलेल्या.

"वहिनी, काय करताय?" टांगेवाला म्हणाला. "पाऊस आला तर भिजतील. गणपतराव मारतील मला न् तुम्हाला."

यमुनाबाईंनी पहिल्या गोणीला हात घातला होता. त्या ओढता ओढता म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं ह्याच खोलीत झाली. आमच्या ह्यांनी त्या आयतवारी ते मोजलं नाय. धर तिकडून."

मग काय, सगळे भिडले. पोस्टमन, टांगेवाला, माझे दीर. गोण्या पडवीत, पडवी भरली तशा अंगणात. कोनाड्यापाशी उभे मालक नुसते बघत होते. मग त्यांनीही एक गोणी धरली, ती उसवली, आणि कांदे गडगडत सगळ्यांच्या पायांत. त्या घाईत कुणाचा तरी धक्का लागून चाळीतला एकुलता कंदील पडला, काच फुटली. अर्धी खोली मोकळी झाली तेवढ्यात मला आत घेतलं, गोण्यांच्याच आडोशाला. पुरुष बाहेर गेले, दार लागलं.

आणि अंधार. बाहेर वादळानं दिवेलागणीच्या आधीच रात्र केलेली, आणि खिडकीवरचं गोणपाट फडाफडा उडतंय. रहिमतबींनी चिमणी चुलीवरून लावून घेतली, ती विझली. दुसरी आणली, ती पण. चाळीतल्या चुली तोवर वाऱ्यानं गेल्या होत्या, विस्तव राखेत, फुंकत बसायला वेळ कुणाला? आणि आगपेटी तर एकच, टांगेवाल्याची चोरटी नेमकी संपलेली.

"मालिक!" रहिमतबी खिडकीकडं तोंड करून ओरडल्या. "उजेड! मेरे को दिसत नाय!"

खिडकीत सावली पडली. मालक मागच्या अंगानं आले होते. पाठ आमच्याकडं, तोंड वादळाकडं. सासूबाई लगबगीनं पदर सारायला लागल्या, पण त्यांनी वळून पाहिलंच नाही. खिडकीच्या चौकटीत त्यांनी आपली पाठ अशी भिडवली की वारा थांबला. छत्री उघडून दांडा काखेत दाबला, आणि खांद्यावरून हात मागं केला. "चिमणी द्या."

रहिमतबींनी दिली. खर्र. काडी पेटली, चिमणी लागली, खांद्यावरून परत आली. जरा वेळानं एक झोत आला, विझली. पुन्हा हात. खर्र. पाऊस आला तसा आडवा, त्यांच्या अंगावर. खर्र. कधी काडी मोडायची, कधी ओली व्हायची. मी दात आवळून पडले होते आणि कळांच्या मधून मला ऐकू यायचं, ते पुटपुटत होते, "घे. ही घे. ही पण घे." मला आधी वाटलं, देवाशी बोलतायत. मग कळलं, दिल्लीशी बोलतायत.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, अशा वेळी काय काय सुचतं बघा. चपलांचा आवाज नव्हता. तो माणूस एका जागी उभा होता.

पोर रडली. रहिमतबींनी तिला उलटी धरून थोपटलं, आणि ती अशी टाहो फोडून रडली की सासूबाई तिथंच खाली बसल्या. त्याच वेळी चिमणी पुन्हा गेली.

"झालं का?" खिडकीतून आवाज.

"लडकी हाय! जिंदी हाय! देखो मालिक, घूमके देखो!"

"मी काय बघायचंय. तिच्या आईला दाखवा." खर्र. ह्या वेळी त्यांनी चिमणी मागितली नाही. पेटलेली काडी नुसती खांद्यावरून मागं धरली, उंच. त्या उजेडात मी माझ्या लेकीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. काडी त्यांच्या बोटापर्यंत जळत गेली तरी हात हलला नाही. मग रिकामी आगपेटी खिडकीतून आत पडली.

दुसऱ्या दिवशी गणपतराव आले. अंगणात कांद्याचा चिखल. त्यांचा आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल. "माझा माल! कोणाच्या बापाचा माल हाय ह्यो? ह्ये नुकसान आता कोण भरणार?"

"दिल्ली," मालक म्हणाले, आणि कोनाड्यातला डबा आणून त्यांच्या हातात ठेवला. डब्यात काय असणार? ते बघून गणपतराव आणखी भडकले. मग यमुनाबाई बाहेर आल्या आणि त्यांच्याकडं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. शेवटी गणपतरावांनी डबा कोनाड्यात परत ठेवला, आणि जाताना सवयीनं खिशात हात घातला, पण टाकलं काही नाही. पुढं कितीतरी दिवस ते बिनबोलताच टाकायचे, आणि वाजवायचे नाहीत. भिजलेले कांदे चाळीनं वाटून घेतले. कांद्याची भाजी, कांद्याचं पिठलं, कांद्याची भजी, पोस्टमनची बायको तर म्हणाली आता स्वप्नातसुद्धा डोळ्यांतून पाणी येतं. मी बाळंतीण, मला एकटीला कांदा वर्ज्य. तेवढी मी सुटले.

मी सातव्या खोलीत पडून होते, उरलेल्या गोण्यांच्या सोबतीला. बाहेर पडवीत चपला पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि वर्तमानपत्रही. एका सकाळी मालक वाचत आले. सिंधला पैसे देण्याचं ठरलं, असं काहीतरी होतं. मी वाट बघत होते, आता अन्याय येणार. दाराशी आवाज थांबला. पोर तेव्हा कुशीत चुटूचुटू पीत होती, ते बाहेर ऐकू गेलं असेल का, कोण जाणे.

"सूनबाई."

"जी?"

"सिंधला दिलेत म्हणे."

"हो, ऐकलं."

मग म्हणाले, "तिकडंही कुणी बाळंत होत असेलच की."

पान दाराखालून आत सरकवलं आणि निघाले. चपला दूर गेल्या, पट पट पट. पहिल्या खोलीपाशी वळल्या असतील तेव्हा त्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा:

"पण तरी मुंबईवर अन्याय आहेच!"

पोर दचकली. मी तिला थोपटलं आणि पान उलगडून वाचायला लागले.